पलंग हलणार नाही

माझ्या खोलीतला पलंग मी निवडणार, एवढंच मी म्हटलं होतं. यात काही चुकलं असेल तर तुम्हीच सांगा. (नको, सांगू नका. घरात सगळ्यांचं सांगून झालंय.)

आधी मी कोण ते कळू द्या, म्हणजे कोणाची बाजू घ्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. वय चौऱ्याहत्तर. शाळा दुसरीपर्यंत. पुढचं सगळं माझं मी शिकले. वाचायला शिकले ते वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर, आणि शिवायला शिकले ते एक जुना फ्रॉक टाका-टाका उसवून. त्या शिवणकामावर चाळीस वर्षं घर चालवलं, मुलाला इंजिनियर केलं. तो इंजिनियर आता मला सांगतो, “आई, तुला त्यातलं कळत नाही.”

तर, माझ्या खोलीत एक लोखंडी खाट होती आणि खाटेखाली, खाटेवर, खाटेभोवती माझी अकरा गाठोडी. चाळीस वर्षांत “राहू द्या तुमच्याकडेच” असं म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं उरलेलं कापड, कागदी नमुने, अस्तरं, बटणांचे डबे. सूनबाईला ती गाठोडी खुपतात. तोंडानं बोलत नाही, गुणी आहे. पण केर काढताना प्रत्येक गाठोड्यापाशी असा उसासा टाकते की शेजारी ऐकू जावा.

शेवटी चिरंजीवांनी तोडगा काढला. “आई, आपण तुला स्टोरेजचा पलंग घेऊ. पण एक अट. पलंगात मावेल तेवढं तुझं. जे मावणार नाही ते देऊन टाकायचं.”

“कबूल,” मी म्हटलं. “पण पलंग मी निवडणार. माप मी घेणार.”

“माप मी मोबाईलवर घेतो ना. नुसता भिंतीसमोर धरला की झालं.”

“तुझ्या पहिल्या चड्डीपासून लग्नाच्या सुटापर्यंत सगळी मापं मी घेतली,” मी म्हटलं. “तेव्हा कुठे होता तुझा मोबाईल?”

त्यानं मोबाईल खिशात घातला. अकराच्या अकरा गाठोडी मावणार, मी मनाशी ठरवून टाकलं.

शोरूममध्ये टाय लावलेला एक माणूस धावत आला. “या आजी, बसा आजी, पाणी आणू का आजी?”

“आजी घरी. इथे मी गिऱ्हाईक आहे. पलंग दाखवा.”

त्यानं पहिला दाखवला तो ड्रॉवरवाला. दोन्ही बाजूंना दोन-दोन खण. सूनबाईचा जीव लगेच त्यात अडकला. “किती छान! वाकलं की हाताशी.”

मी खण पूर्ण बाहेर ओढला, हात घातला आणि विचारलं, “खण इथे संपतो. मग पलंगाच्या मधल्या भागात काय आहे?”

“मध्ये... मध्ये काही नाही.”

“म्हणजे आतून पोकळ! आणि खण ओढायला शेजारी आणखी एका खणाएवढी मोकळी जागा हवी. ती तुम्ही पलंगाबरोबर देता का?”

टायवाला चिरंजीवांकडे बघू लागला. चिरंजीव छताकडे बघू लागले.

दुसरा पेटीवाला. गादी उचलायची, मग तिच्याखालच्या फळ्या उचलायच्या, मग आत हात घालायचा. जागा भरपूर, एवढं मला मान्य. पण चिरंजीव म्हणाले, “हा मजबूत आहे. तुला काही हवं असलं की मला हाक मार, मी गादी उचलून देईन.”

तिथेच तो पलंग बाद झाला. माझ्याच बटणासाठी मी हाक मारायची, मग हा ‘आलोच’ म्हणणार, आणि ‘आलोच’ म्हणजे किती वेळ ते मला चांगलं माहीत आहे.

तिसरा हायड्रॉलिक. टायवाल्यानं पट्टा धरून नुसतं वर खेचलं तर अख्खी गादी फळीसकट फुस्सकन वर गेली आणि तिथेच थांबली. खाली एवढी मोठी मोकळी पेटी! मी स्वतः दोनदा उघडून बघितलं. एका हातानं. मग चपला काढल्या आणि आत उतरले.

“आजी! म्हणजे... मॅडम! काय करताय?”

“खोली बघतेय. मी मांडी घालून बसले तर डोकं वर येतं का ते कळायला नको?”

नेमकं तेव्हा एक नवं जोडपं तिथे आलं. मला पेटीत बसलेलं बघून त्या मुलीनं नवऱ्याचा दंड धरला. “घाबरू नका,” मी म्हटलं, “पलंगाबरोबर मी येत नाही.” ते दोघे सोफे बघायला गेले.

तर हायड्रॉलिक ठरला. माप देऊन बनवून घ्यायचा होता. घरी येऊन मी माझी टेप काढली. खोलीचं दार आत उघडतं, ते पूर्ण उघडून ठेवलं आणि समोरच्या भिंतीपासून दाराच्या कडेपर्यंत मोजलं. पलंगाच्या कोपऱ्याला बोटभर अंतर ठेवून दार फिरेल, असं अचूक माप. तीनदा मोजलं. आकडे हाताच्या तळव्यावर लिहिले आणि तिथून शोरूमच्या कागदावर स्वतःच्या हातानं उतरवले. सही केली.

पंधरा दिवसांनी पलंग सुट्या भागांत आला. जोडायला एक मिशाळ फिटिंगवाला. खोलीत वावरायला जागा हवी म्हणून त्यानं दार लोटून घेतलं. मी आत होतेच, कारण कामावर नजर ठेवल्याशिवाय काम नीट होतं यावर माझा विश्वास नाही. पलंगाची शेवटची बाजू लागायच्या आधी सूनबाई त्याला चहा द्यायला आली आणि बघत उभी राहिली. तासाभरात पलंग उभा राहिला. काय देखणा दिसत होता! या भिंतीपासून त्या दारापर्यंत नुसता पलंगच पलंग.

“झालं,” म्हणत फिटिंगवाल्यानं दाराची कडी ओढली. दार दोन बोटं उघडलं आणि ठक्क.

त्यानं पुन्हा ओढलं. ठक्क.

तो खाली बसला. पलंगाचा कोपरा बघितला, दार बघितलं, मग खिशातून कागद काढला. “बाई, माप कोणी दिलं?”

“मी दिलं. अचूक आहे.”

त्यानं फीत लावली. “कागदाप्रमाणे पलंग बरोबर आहे. पण खोलीप्रमाणे चार इंच जास्त आहे.”

मी माझा तळवा आठवला. मग कागद हातात घेतला. चाळीस वर्षं कुठलंही माप कागदावर उतरवताना माझा हात सवयीनं दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माया धरतो. शिलाईत जायला, पुढे माणूस जाड झाला तर उसवून सोडायला. हातानं इथेही धरली होती. (पलंग जाड होत नाही, हे हाताला कोण सांगणार?)

“मग आता आत घ्या ना चार इंच,” मी म्हटलं.

फिटिंगवाला माझ्याकडे बघतच राहिला. “लाकूड आहे बाई.”

“यांना हाक मारते,” सूनबाई म्हणाली. पण हे म्हणजे चिरंजीव, बाहेर कानाला यंत्र लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये. दार ठोकलं, ओरडलो, फिटिंगवाल्यानं हातोडीनं ठोकलं. बाहेरून आवाज आला, “चालू द्या, चालू द्या, मला त्रास नाही!”

फोन फक्त फिटिंगवाल्याकडे. “साहेबांचा नंबर सांगा.” सूनबाई गोरीमोरी झाली. बारा वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याचा नंबर पाठ नाही! मला पाठ आहे. मीच लावला.

“हॅलो, अरे...”

“मला फ्लॅट घ्यायचा नाही,” चिरंजीव म्हणाले आणि फोन कट.

पुन्हा लावला. “अरे, मी तुझी...”

“एकदा सांगितलं ना? दुसरा फ्लॅटही घ्यायचा नाही!”

तिसऱ्यांदा मी हॅलो म्हटलंच नाही. त्याचं लहानपणीचं नाव घेतलं, जे इथे लिहिणार नाही असं मी त्याला वचन दिलंय. त्याच्या पूर्ण मीटिंगनं ते ऐकलं म्हणे.

मग त्याचा एक डोळा दाराच्या फटीत आला. “काय चाललंय?”

सूनबाईनं सांगितलं. फिटिंगवाल्यानं सांगितलं. दोघांनी एकदम सांगितलं. फटीतला डोळा हळूहळू बारीक होत गेला. तो हसत होता.

“आई,” तो म्हणाला, “मोबाईलनं माप...”

“पुढे बोलू नकोस.”

“बरं. दादा, पलंग खोला आणि परत न्या. मी बरोबर माप घेतो, नवा लहान बनवून द्या. आणि आई, लहान पलंगात सात-आठ गाठोडी जातील. बाकीची आपण ठरल्याप्रमाणे देऊन टाकू.”

फिटिंगवाल्यानं स्क्रूचं मशीन उचललं. मी पलंगावर चढले आणि मधोमध बसले.

“पलंग हलणार नाही.”

“आई, अहो असं काय करता?” सूनबाई रडवेली झाली. “माझी भाजी गॅसवर आहे.”

“गॅस बंद करायला तुझा नवरा बाहेर आहे. इंजिनियर आहे, त्याला जमेल.”

“आणि तू बाहेर कशी येणार?” फटीतून प्रश्न आला.

“आधी कबूल कर. या पलंगात मावतील तेवढी गाठोडी माझी. तुझाच शब्द. पलंग केवढा हवा असं तू म्हणाला नव्हतास.”

तेवढ्यात जळक्या भाजीचा वास आला. चिरंजीव स्वयंपाकघरात धावले, काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग डोळा परत आला. “कबूल. पण बाहेर येणार कशी?”

“दार काढा.”

“काय?”

“पलंगाला दार अडतंय ना? मग दार जाऊ दे. बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत. दादा, खिळी ठोकून काढा.”

“आई, खोलीला दार नको?”

“घराला आहे तेवढं पुरे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला काय लपवायचंय?”

फिटिंगवाल्यानं दोन बिजागऱ्यांच्या खिळी काढल्या, दार आतल्या बाजूला पलंगावर आडवं घेतलं आणि मग कसंबसं बाहेर सरकवलं. जाताना मिशांतल्या मिशांत म्हणाला, “बाई, वीस वर्षांत पलंगासाठी दार काढलेलं बघितलं नव्हतं.”

“आता बघितलंत. सांगा सगळ्यांना.”

त्याच दुपारी सगळ्यांच्या देखत मी पलंगाचं झाकण वर केलं, एका हातानं, आणि गाठोडी रचली. एक, दोन, सात, आठ. चिरंजीव मोजत होते. नऊ. दहा. अकरावं जरा बसवून बसवून. झाकण खाली घेतलं. बंद! चार इंचांनी माझी तीन गाठोडी वाचवली होती. चुकलेलं माप म्हणे! सूनबाईनं उसासा टाकला, पण टाकायला समोर एकही गाठोडं नव्हतं, त्यामुळे तो वाया गेला.

आता राहिला दाराचा प्रश्न. हॉलमध्ये टीव्ही बघताना सगळ्यांना माझे तळपाय दिसत होते. “आई, निदान पडदा तरी लाव,” चिरंजीव म्हणाले.

“अर्ध्या तासात शिवते. घरात एवढं कापड असताना बाहेरून पडदा आणायचा असतो का?”

मी झाकण उघडलं. पहिलं गाठोडं सोडलं. बाहीएवढे तुकडे. दुसरं, कॉलरएवढे. तिसरं, खिशाएवढे. पाचव्यापर्यंत मी बोलत होते, आठव्यापासून बोलले नाही. अकराही गाठोडी पलंगावर उपडी झाली. फ्रॉक, शर्ट, अस्तरं कापून उरलेलं चाळीस वर्षांचं कापड, आणि त्यातला सगळ्यात मोठा तुकडा दारात धरला तर माझ्या गुडघ्यापर्यंत आला.

सूनबाईनं तोंडाला पदर लावला.

“जोडून शिवीन,” मी म्हटलं. वळून मशीनकडे गेले. म्हणजे गेले असते. पायानं चालवायचं माझं मशीन खिडकीच्या कोपऱ्यात होतं, आणि पलंग त्याला असा चिकटला होता की पाय ठेवायला जागा नाही, आणि पलंग खोलल्याशिवाय ते बाहेरही निघत नाही. “पलंग थोडा खोलायचा का मग?” चिरंजीवांनी अगदी गोड आवाजात विचारलं.

पलंग हलणार नाही, असं मी त्याला सांगितलं.

संध्याकाळी सूनबाई तयार पडदा घेऊन आली. दाराच्या मापाचा दुकानात एकच शिल्लक होता, लहान मुलांच्या खोलीचा. त्यावर फुगे घेतलेली निळी अस्वलं आहेत. शिलाई भिकार आहे, तेही मी तिला सांगितलं.

तर लोकहो, अकराही गाठोडी माझ्याकडे आहेत, पलंग जिथे होता तिथे आहे आणि मी रोज सकाळी माझ्या खोलीतून ताठ मानेनं बाहेर येते. आधी फक्त अस्वलं बाजूला करावी लागतात.