तिरे म्हणजे ओढा

अर्ज भरायची शेवटची तारीख शनिवार होती आणि शुक्रवारपर्यंत फ्रेंचच्या पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी तीन अर्ज आले होते. दहा झाले नाहीत तर वर्ग बंद, असं मुख्याध्यापिकांनी सांगून ठेवलं होतं. "वडिलांच्या जागी तुम्ही धावून आलात, खरंच," त्या म्हणाल्या होत्या. "पण तीन मुलांसाठी मी वर्ग उघडा तरी कसा ठेवू?"

वडील जाऊन दोन महिने झाले होते. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करणारी त्यांची मुलगी, वर्ष संपेपर्यंत म्हणून, त्यांच्या खुर्चीत बसत होती. मुलं वडिलांना मुस्यूसर म्हणत. मुस्यू म्हणजेच सर, तेव्हा त्यात एक सर जास्त होतो. पण ते त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. फ्रेंचच्या ओढीने कोणी फ्रेंच शिकायला येत नाही, हे ओळखून त्यांनी जवळच्या फुटबॉल क्लबशी ठरवून टाकलं होतं: वर्गातल्या मुलांना मैदान मोकळं, मात्र प्रशिक्षकाने हुकूम सोडायचे ते फ्रेंचमध्येच. प्रशिक्षकाला ते हुकूम त्यांनी स्वतः मैदानावर जाऊन शिकवले. मुलांना शिकवायचे राहून गेले.

शनिवारी दुसऱ्या शाळेशी सामना होता. पालक येणार, तेव्हा कडेला टेबल मांडून अर्ज घ्यायचं ठरलं. तिने वडिलांची वही काढली. शेवटच्या पानावर मैदानावरचे हुकूम होते, एकाही शब्दापुढे अर्थ नव्हता. त्यांना कशाला लागेल अर्थ? ते तिने लिहिले. 'तिरे'पाशी ती क्षणभरही थांबली नाही. हा शब्द तिच्या हातून हजारदा गेला होता: दांडा ओढा, खटका ओढा, झाकण ओढा. बंदूक चालवायलाही हेच क्रियापद लागतं हे तिला ठाऊक होतं. पण फुटबॉलचा सामना तिने कधी पाहिला नव्हता. वडील बोलवायचे तेव्हा तिला काम असायचं. वर्गाच्या दाराची मूठ धरून तिने मुलांकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. तिरे म्हणजे ओढा.

सामन्याच्या पाचव्याच मिनिटाला, सगळे जिला लंबू म्हणत ती मुलगी चेंडू घेऊन थेट गोलपुढे पोचली. समोर फक्त गोलरक्षक.

"तिरे!" प्रशिक्षक ओरडला. "लंबू, तिरे!"

लंबूने चेंडू सोडून दिला, गोलरक्षकाचा शर्ट धरला आणि ओढला.

शिट्टी वाजली. "अगं, हे काय? तिरे म्हणतोय ना मी!"

"ओढतेय की! हाच हलत नाही!"

गलक्यात प्रशिक्षकाला तिचं बोलणं ऐकू गेलं नाही. आपलंही तिला गेलं नसावं, असं त्याला वाटलं. तोंडापुढे दोन्ही हात धरून तो गरजला, "सगळ्यांनी ऐका! गोलपुढे आलात की तिरे! दुसरं काही करायचं नाही!"

सगळ्यांनी ऐकलं. पुढची दहा मिनिटं मैदानावर चेंडू एकटाच होता. ज्याला शर्ट मिळाला त्याने शर्ट ओढला, ज्याला मिळाला नाही त्याने जाळी ओढली, आणि तिच्याबरोबर एक खांब आला. पंच शिट्टी वाजवत मध्ये पडले, तर कोणीतरी शिट्टीची दोरी ओढली. तिच्यामागोमाग पंच गेले.

हताश प्रशिक्षक राखीव खेळाडूंकडे वळला. "तुम्ही तरी दाखवा रे, तिरे म्हणजे काय ते!"

राखीव खेळाडूंनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यात जवळ टेबलावरचं कापड होतं. पाण्याचा जग, तीन अर्ज आणि मुख्याध्यापिकांचा चहा गवतावर आला.

"ओढायला सांगितलं कोणी?" पंचांनी धापा टाकत विचारलं.

लंबूने वर्गात उभं राहावं तसं ताठ उभं राहून प्रशिक्षकाकडे बोट केलं. "वू झावे दी तिरे."

"ती म्हणतेय, 'तुम्हीच म्हणालात, तिरे,'" कडेला उभी असलेली मुस्यूसरांची मुलगी हळूच म्हणाली. "भूतकाळ बरोबर आहे."

प्रशिक्षक तिच्याकडे आला. "ताई, ओढा? अहो, तिरे म्हणजे तीर! तीर मारायचा गोलवर. लक्षात राहावं म्हणून मुस्यूसरांनीच दिलेली खूण आहे ती."

ती नऊ वर्षांची असताना त्यांनी तिला अशीच एक खूण सांगितली होती. शब्दकोश छातीशी धरून ती म्हणाली होती, "बाबा, असं शिकवत नाहीत." ते हसले, आणि घरात त्यांनी पुन्हा कधी खूण सांगितली नाही. त्यांची ती सवय सुटली, असंच ती समजत होती.

मुख्याध्यापिका ओले अर्ज एकेक करून बाकावर पसरत होत्या. ती समोर जाऊन उभी राहिली.

"चोवीस वर्षं घसा फोडून सांगतेय," त्या वर न बघता म्हणाल्या, "रांगेत उभे राहा. एक मूल ऐकेल तर शपथ. आणि आज फ्रेंचमध्ये सांगितलेलं अकराच्या अकराजणांनी ऐकलं. वर राखीव." त्यांनी शेवटचा अर्ज तळहाताने सपाट केला. "तीन तर तीन. वर्ग चालू राहील. फक्त सोमवारपर्यंत तुम्ही दोघं मिळून एकच काय तो अर्थ ठरवा."

मैदान रिकामं झालं. ती प्रशिक्षकाशेजारी बाकावर वही उघडून बसली. "बाकीच्या शब्दांच्या खुणा सांगा."

"हसाल तुम्ही."

"सांगा ना."

"कूर. म्हणजे, कुरकुर नको, पळ." त्याने घसा साफ केला. "व्हीत. वीत-वीत चालू नको, भरभर."

त्याची नजर मैदानाकडे होती आणि प्रत्येक खुणेआधी तो थोडं थांबत होता, वडील थांबत तसं. ती हसली नाही. तिने स्वतःचे अर्थ खोडले नाहीत, त्यांच्याखाली लिहीत गेली.

"मग 'आतां'. हा शब्द मला काही केल्या लक्षात राहीना. सर म्हणाले, अरे, सोपं आहे. आत्ता नको, थांब जरा."

पेन थांबलं.

प्रशिक्षकाने वाकून आपल्या बुटाची बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "ताई, पुढचा सांगू?"

"आतां," ती म्हणाली.

तो थांबला.