कायद्यात नसलेली रेघ

ठाकूरभाऊंच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, व्हाइटनरची बाटली असते. माणूस आरोग्य खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला, जन्मभर सरकारी शाई खर्च केली आणि आता उतारवयात ती पुसत हिंडतो. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाखाली एक पांढरा डाग आहे. "लग्नात हळद लागली, पेन्शनीत हे लागलं," असं ठाकूरवहिनी म्हणतात.

माझं अलिबागला कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. लोक सातबारा, आधार कार्ड आणि घरातली गुपितं घेऊन येतात. ठाकूरभाऊ रिकाम्या हाती येतात आणि स्टुलावर बसून गिऱ्हाइकांचे कागद वाचतात. किती वेळा सांगितलं, भाऊ, दुसऱ्याचे कागद वाचू नयेत. त्यावर त्यांचा ठरलेला सवाल, "कशाच्या आधारे?"

हा सवाल ते कोणालाही टाकतात. नातीच्या शाळेची चौलला सहल जायची होती, फॉर्मवर 'वडिलांची सही' असं छापलेलं. आईची का चालत नाही, कशाच्या आधारे, असं विचारायला हे मुख्याध्यापकांच्या घरी रविवारी सकाळी हजर. दाताच्या डॉक्टरांनी दाढ काढण्याआधी नातेवाइकाची सही मागितली, तर "दाढ माझी, ठणकतेय मला, सही मेहुण्याची कशाच्या आधारे?" म्हणून खुर्चीतून उठून आले आणि आठ दिवस सुजलेला गाल घेऊन फिरले. शेवटी डॉक्टरांनीच फोन करून बोलावलं.

पण हे सगळं किरकोळ. त्यांचं खरं वैर होतं एका रेघेशी.

नीट सांगते. बाईला गर्भपात करून घ्यायचा असला तर कायद्याप्रमाणे संमतीचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यावर सही लागते ती फक्त तिची. ती अठरा वर्षांखालची किंवा मानसिक आजारी असली, तरच पालकाची. नवऱ्याची कुठेच नाही. आमच्या भागातल्या एका सरकारी हॉस्पिटलात मात्र त्या फॉर्मच्या तळाशी एक जादा रेघ होती आणि तिच्याखाली 'पतीची सही'. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, तिथलं काम माझ्याकडे येतं. सरकारनं मध्यंतरी कायदा सुधारला, मुदत वाढवली, नवऱ्याचा उल्लेख होता तिथे जोडीदार आणला. रेघ जागची हलली नाही. "दिल्लीहून कायदा निघतो, मुंबईला येतो, अलिबागला पोचतो," ठाकूरभाऊ म्हणायचे, "आणि कारकुनाच्या टेबलापाशी येऊन दमतो."

ती पुसायला ते महिन्यातून दोनदा बीपी तपासायच्या निमित्तानं जायचे. सिस्टर डाव्या दंडाला पट्टा गुंडाळायची, तोवर यांचा उजवा हात टेबलावरच्या फॉर्मांवर व्हाइटनर फिरवायचा. चोरी करताना मोजलेलं बीपी, ते दर वेळी वाढलेलंच निघायचं. त्यांना खरोखरच्या गोळ्या सुरू झाल्या. मग एक दिवस हॉस्पिटलच्या दारात 'चपला बाहेर काढाव्यात' या पाटीखाली दुसरी पाटी लागली, 'व्हाइटनर आत नेऊ नये'.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की फॉर्मचा मूळ कागद माझ्याच दुकानात आहे. मी चहा सांगायला गेले तेवढ्यात रेघ गायब. शंभर प्रती बिनरेघेच्या गेल्या. हॉस्पिटलचे घरतबाबू हा सरळमार्गी माणूस. त्यांनी पट्टी घेऊन शंभर फॉर्मांवर शंभर रेघा मारल्या आणि मूळ कागदावर एक मारून तो मला परत पाठवला. यांनी पुन्हा पुसली. त्यांनी पुन्हा मारली. पावसाळाभर हेच. अखेर व्हाइटनरचा पोपडा सुटून माझ्या मशीनच्या काचेला चिकटला आणि आठवडाभर मी काढलेल्या प्रत्येक नकाशावर एक पांढरा गोल उमटत होता. थळचा एक म्हातारा विचारून गेला, माझ्या वाडीत ही विहीर कोणी खणली?

मी भडकलेच. "भाऊ, तुमच्या घरात आता कोणाचं बाळंतपण राहिलंय? तुमचं काय अडलंय त्या रेघेशी?" त्यांनी आधारसुद्धा मागितला नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी ब्लेडनं काच खरवडत होते.

मग एका सोमवारी सुनंदा आली. हे तिचं खरं नाव नव्हे, खरं सांगितलं तर ठाकूरभाऊ मलाच मशीनमध्ये घालतील. कोळंबी सोलायच्या कारखान्यात कामाला, दोन मुलं, नवरा बोटीवर. तिनं तो फॉर्म आणि एक जुनं पासबुक काउंटरवर ठेवलं.

"ताई, ह्या बुकावर माज्या मालकाची सही हाय. तेवडी कापून हितं चिकटवा नि झेरॉक्स मारा."

"अगं, त्यालाच फोन लाव."

"लागत न्हाय. आनि चार म्हैनं तरी तो येत न्हाय. मना तिसरं नको, ताई. दोगांनाच पुरी पडत न्हाय मी." ती हळू आवाजात म्हणाली. "सिस्टर बोलली, ह्या हप्त्यात आलीस तर गोळ्यांवर भागंल, मंग मोठं करावं लागंल. बाबू बोलतो, सहीबिगर आत सोडनार न्हाय."

खरं सांगते, माझ्या हातात कात्री होती. मला तिची दया आली, आणि सही कापायला सोपी होती. स्टुलावरून ठाकूरभाऊ म्हणाले, "शैला, सही नको कापू. रेघ कापायची आहे."

तासाभरात आम्ही तिघं हॉस्पिटलात. ठाकूरभाऊंचा हुकूम असा, की सुनंदानं खोकल्याच्या रांगेत उभं राहायचं, आपली कोणाची ओळख नाही. ती बिचारी न झालेला खोकला खोकत उभी राहिली. हे कोरा फॉर्म घेऊन घरतबाबूंच्या खिडकीशी गेले आणि "एका बाईचं काम आहे, नाव सांगणार नाही, कायद्यात गुप्तता आहे," असं इतक्या मोठ्यानं म्हणाले की इंजेक्शनच्या खोलीतून दोन पेशंट दंड चोळत बघायला आले.

"भाऊ, मी काय करू?" घरतबाबू म्हणाले. "पहिल्यापासून अशीच पद्धत आहे."

"पहिल्यापासून नाही."

"मी आलो तेव्हापासून तर आहे. रेघ आहे तर सही पाहिजे. उद्या कोणाचा नवरा येऊन माझी कॉलर धरेल."

"धरतो. माझी धरली होती, मी याच खिडकीत बसायचो तेव्हा. मला विचारल्याशिवाय माझ्या बायकोचं केलंत कसं, म्हणून टेबलावरचा ग्लास फोडला. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म छापायच्या स्टेन्सिलवर पट्टी ठेवली आणि ही रेघ मारली. आधार काही नव्हता, घरत. मला भीती वाटली होती. तीस वर्षं तुम्ही सगळे माझ्या भीतीच्या प्रती काढताय."

रांगेत सुनंदा खोकायची विसरली. आतून नव्या डॉक्टरबाई बाहेर आल्या होत्या. त्यांनी फॉर्म वाचला, मोबाइलवर नियम उघडून तोही वाचला आणि म्हणाल्या, "घरत, बाईची सही पुरे आहे." मग रांगेकडे न बघता म्हणाल्या, "ज्यांना खोकला नाही त्यांनी आत या." सुनंदा गेली. तिच्यामागून आणखी एक बाई गेली, तिला आम्ही कोणीच ओळखत नव्हतो.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. ठाकूरभाऊ आपणहूनच बोलायला लागले. रेघ मारल्यावर पंधरा दिवसांत एक बाई आली होती, तळा तालुक्याकडची. नवरा आखातात. यांनी सही आणायला सांगून तिला परत पाठवलं. तिनं फॉर्म घडी करून पदराला बांधला.

"बरं साहेब, म्हणाली. मी तेव्हा साहेबसुद्धा नव्हतो, शैला, साधा कारकून होतो. पुन्हा आली नाही ती. मला नाव पाठ आहे, म्हणून दर निवडणुकीला मी त्या गावची मतदार यादी बघून येतो. पहिल्या यादीत होती. पण ती यादी ती माझ्याकडे आली त्याच्या आधी छापलेली. पुढच्या यादीत नाही. तेव्हापासून कुठल्याच नाही." मग म्हणाले, "मुंबईला गेली असेल. गावंच्या गावं जातात."

या माणसाशी मी वीस वर्षं वाद घालतेय, त्या दिवशी नाही घातला. म्हटलं, "गेलीच असणार, भाऊ. नाहीतर पनवेलला. नाव तिकडे लागलं असेल."

"पनवेलची यादी मी अजून बघितली नाही," ते म्हणाले.

सुनंदा बाहेर आली. पहिली गोळी झाली होती, बाकीच्यांसाठी दोन दिवसांनी यायचं होतं. "मी जाईन एकटी," म्हणाली आणि स्टँडकडे गेली. मीही दुकान उघडायला पळाले.

पुढच्या आठवड्यात ती रेशनकार्डाच्या प्रती काढायला आली. तब्येत बरी होती, कामावर रुजू झाली होती. मला म्हणाली, "ताई, ते काका जरा येडं हायेत का?"

"का गं?"

"मी येस्टीत बसली, तर ते मागं तीन सीटा सोडून बसलेलं. मी बघितलं की खिडकीभायेर बघायचं. मी उतरली तर ते बी उतरलं. मी घरात जाईपर्यंत नाक्यावर उभं. दुसऱ्या येळेला बी तसंच. मी दार लावलं नि फटीतून बघितलं, तवा कुठं मागं फिरलं."

तिच्या गावाहून त्या वेळेला परतीची गाडी नसते. दोन्ही वेळा ते उन्हातून चालत आले असणार, बीपीच्या गोळ्या खिशात घेऊन. मी मशीनवर तिचं कार्ड ठेवलं, आणि मला रडू यायला लागलं. त्यांना फक्त ती घरी पोचलेली बघायची होती, हे तिला सांगायला हवं होतं. मी नुसत्या प्रती मोजून तिच्या हातात दिल्या.