मुदपाकखान्याची मोहीम आणि पालीची शेपटी

चारी भिंतींस साक्ष ठेवून लिहिले जाते की, राजमान्य राजश्री जीवशास्त्राचे मास्तर यांनी आपलाच मुदपाकखाना कैसा सर केला, ती हकीकत ऐसीजे.

रविवारी प्रातःकाळी पाल नामे गनीम ओट्यावर, साखरेच्या डब्यानजीक, प्रकट जाहला. आणि बाईसाहेबांनी किंकाळी फोडून मुलूख सोडला, आणि बाहेर खुर्चीवर पाय वर घेऊन फर्मावले की, पाल जाईतो आम्ही आत पाऊल ठेवणार नाही, सबब चहा बंद. मास्तरांचा जीव कासावीस जाहला. शिवाय एकवीस वर्षे मुलांस प्राण्यांचे अनुकूलन शिकवले आणि घरच्या पालीपुढे हात टेकले, तर मास्तरकीची अब्रू काय राहिली? मग डोईस टॉवेल बांधून, झाडू उपसून, खासा स्वारी निघाली.

गनीम मोठा हुन्नरी. रंग भिंतीचाच, त्यात हालचाल नाही, म्हणोन अर्धी घटिका नजरेसच न ये. दिसला तो छतावरून उलटा पळाला. पालीच्या बोटांतळी बारीक केस असतात, त्यांवर ती छत धरते, हे मर्म मास्तरांस तोंडपाठ. परंतु तेणेकरून पायांखालचे स्टूल डगमगायचे थांबेना. दोन कप फुटले. मग निकराचा वार जाहला, आणि ओट्यावर काहीएक वळवळू लागले. मास्तरांनी झडप घालून त्यावर चाळणी पालथी घातली, आणि चाळणीवर कुकर ठेवला, आणि फत्तेची आरोळी ठोकली.

बाईसाहेब उंबऱ्याशी आल्या. मास्तरांनी दिमाखाने कुकर उतरवून चाळणी जराशी उचलली, आणि त्या तेथूनच वाकून डोकावल्या.

"अहो, ही तर नुसती शेपटी आहे!"

पाल शेपटी टाकून शत्रूस गुंतवते आणि आपण निसटते, हे मास्तर दरसाल फळ्यावर चित्र काढून सांगत. आणि गुंतले तेच. गनीम केव्हाच ट्यूबलाइटच्या आड पोहोचला होता. मास्तरांचे तोंड एवढेसे झाले. फार वाईट वाटले त्यांस.

परंतु बाईसाहेब हसू लागल्या, आणि डोळ्यांस पाणी येईतो हसल्या, आणि मग ट्यूबलाइटआड ते बिनशेपटीचे ध्यान पाहून त्यांस दया आली.

"बिचारी! शेपटी तोडलीत की हो तिची. राहू द्या आता तिला. आणि तुम्ही व्हा बाजूला, मी चहा टाकते."

येणेप्रमाणे मुदपाकखाना फत्ते जाहला. बाईसाहेब स्वखुशीने आत दाखल. झाडू मोडला. गनिमाची शेपटी हस्तगत. गनीम मुलखात कायम. चहा उत्तम जाहला होता.