पत्रिकेवरून उतरलेली अक्षरं

आमच्या गावात अक्षरांना फार दाटीवाटीनं उभं केलं, तर ती कागदावरून उतरतात आणि बाहेर पायरीवर जाऊन बसतात. इतर गावांत म्हणे ती तशीच चिरडून घेतात. असतील बापडी सोशिक. माझ्या छापखान्यातली तशी नाहीत.

वसंतराव घोसाळकर धाकट्या लेकीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले, तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं होतं. "भाऊ, नावं कमी करा."

"काकू, एक नाव गाळलं ना, तर बेबीताई मांडवात पाय ठेवायची नाही."

बेबीताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. मग काय, आपले विनीत आले, कार्यवाहक आले, व्यवस्थापक आले, दोन्हीकडचे झाडून सगळे काका आणि आत्या आले, देवाघरी गेलेलेसुद्धा आले. खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी घरातली सगळी चिल्लीपिल्ली. आणि हे सगळं ठळक, वळणावळणाच्या अक्षरात, पिवळ्या कागदावर लाल शाईनं. मी म्हटलं, छापते बाई, मला काय!

प्रूफ काढून टेबलावर ठेवलं आणि चहा गाळून येते तो कागद कोरा. अक्षरं पायरीवर. चिल्ल्यापिल्ल्यांच्या आमंत्रणातली तर मेली पंख्यावर चढून बसलेली.

सगळ्यांच्या वतीनं ळ आत आला. तक्रार घेऊन नेहमी तोच येतो. शब्दात पहिली जागा त्याला कधी मिळत नाही, त्यामुळे एरवी पुढे यायची भारी हौस.

"दोन ओळींमध्ये जागाच ठेवलेली नाही," तो म्हणाला. "वरच्या उकाराचा पाय खालच्या मात्रेच्या डोक्यावर पडलाय. खोक पडली आहे."

"कुठल्या मात्रेला?"

"बेबीताईंच्या नावातल्या."

मी बाहेर जाऊन पाहिलं. खोक होती. डब्यातली हळद आणून चेपली.

"मग अक्षर बारीक करा की," घोसाळकर म्हणाले.

"साहेब, त्यानं गर्दी कमी होत नाही. गर्दी बारीक होते, एवढंच," ळ म्हणाला. "आणि सगळ्यांनाच ठळक केलंत. सगळेच ओरडायला लागले तर मुहूर्ताचं ऐकू कोणाला येणार?"

"मुहूर्त आहे की त्यात!"

"आहे. कार्यालयाच्या पत्त्याच्या काखेत."

घोसाळकरांचा पारा चढला. "आता अक्षरं मला शिकवणार? काकू, दुसरी आणा!"

दुसरी कुठून आणू, कपाळ! माझ्याकडे हीच आहेत.

केतकी, म्हणजे नवरी मुलगी, इतका वेळ स्टुलावर बसून ऐकत होती. ती एकदम रडायलाच लागली. "बाबा, ताईच्या लग्नाचं विसरलात का हो?"

घोसाळकर खाली बसले. विसरले नव्हते. गावात कोणीच विसरलं नव्हतं. या पोरींची आई त्या लहान असतानाच गेली आणि खाडीपलीकडच्या दामूमामांनी दोघींना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. थोरलीच्या पत्रिकेत असाच बाजार भरवला होता. मामांची नजर अधू झालेली, त्यांना त्या गर्दीत मुहूर्त काही सापडला नाही. भटजींनी पुकारलं, "मुलीच्या मामानं मुलीला घेऊन यावं," आणि मामाच नाही. शेवटी शेजारचे एक गृहस्थ उभे राहिले. मामा पोचले तेव्हा मांडववाले बांबू सोडत होते.

"फोन करा ना त्यांना," मी म्हटलं.

"मामा म्हणतात, आमंत्रण कानानं घ्यायचं नसतं. आणि भाचीची पत्रिका शेजाऱ्याकडून वाचून घेणार नाहीत, मेले तरी," केतकी डोळे पुसत म्हणाली. मग ती ळकडे वळली. "मला मामाच पाहिजेत. तुम्हीच सांगा काय करायचं."

ळ बाहेर गेला. पायरीवर बराच वेळ खल चालला. पंख्यावरच्यांनाही खाली बोलावून घेतलं.

"ठरलं," तो परत येऊन म्हणाला. "पत्रिकेत फक्त मुलगा, मुलगी, दिवस, वेळ आणि ठिकाण. बाकीची नावं घेऊन आम्ही स्वतः कार्यालयात येतो. प्रत्येक नाव ऐसपैस उभं राहील."

घोसाळकरांनी विचार केला. "बेबीताईंचं सगळ्यात पुढे?"

"सगळ्यात पुढे. दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवून."

त्यावर त्यांनी मान डोलावली.

मग मी साधा पांढरा कागद घेतला, काळी शाई, सरळ वळणाचं मोठं अक्षर. ओळीओळीत हवा खेळेल एवढं अंतर, चारी बाजूंना समास. अक्षरं चढली आणि जागच्या जागी निवांत उभी राहिली. घोसाळकर कागद उलटसुलट करत म्हणाले, "निम्मी पत्रिका रिकामीच आहे."

"असू दे. डोळ्यांना टेकायला लागते जागा," मी म्हटलं.

मामांच्या पत्रिकेत केतकीनं खाली एक ओळ वाढवून घेतली. 'मामा, तुम्ही या.' तिच्या आजूबाजूला मी काही म्हणजे काही येऊ दिलं नाही.

लग्नाच्या सकाळी अक्षरं वेळेवर आली. दारापासून बोहल्यापर्यंत एकेक नाव हातपाय पसरून उभं राहिलं. बेबीताई आपल्या नावासमोर खुर्ची टाकून बसल्या, आल्यागेल्याला दाखवत होत्या. पाहुण्यांना मात्र उभं राहायला जागा उरली नाही.

मामा पहिल्या होडीनं आले. कोट, टोपी, खिशात पत्रिका. त्यांनी ती काढून मला दाखवली. "कोणाला विचारलं नाही," म्हणाले आणि ती जपून परत खिशात ठेवली. मी त्यांना पाणी दिलं.

अंतरपाट धरला गेला. भटजींनी पुकारलं, "मुलीच्या मामानं मुलीला घेऊन यावं."

मामा केतकीचा हात धरून खोलीच्या दारात आले आणि थांबले. समोर वाटच नव्हती. सगळीकडे नावं, आणि मधल्या फटींत माणसं. मामा डोळे बारीक करून बघत राहिले. केतकीचा चेहरा उतरला. भटजींनी दुसऱ्यांदा पुकारलं.

तेव्हा ळ मागे सरकला. त्याच्या मागचा सरकला, त्याच्या मागचाही. जी अक्षरं केसभर दाटी झाली की तरातरा पायरीवर जाऊन बसायची, ती भिंतीपर्यंत एकमेकांना खेटून, पोटं आत ओढून उभी राहिली. एक नाव वाचता येईना. बेबीताईंनी आपल्या नावाकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मग डोळ्यांना पदर लावला.

मामा केतकीला घेऊन त्या वाटेनं सावकाश बोहल्यापर्यंत गेले. तोवर एकाही अक्षरानं हूं की चूं केलं नाही. सगळ्यात आतल्या बाजूला, भिंतीशी, हळद लावलेली ती मात्रा डोकं वाकवून उभी होती.