ट्रँटरच्या स्वयंपाकघरातला पूर

सातव्या विमा कंपनीनेही फोनवर पत्ता ऐकून "सॉरी, मॅडम" म्हटलं, तेव्हा मेव्हिस पोकॉकने फोन ठेवलाच नाही. "माणूस पाठवा. घर बघा आणि मग नाही म्हणा. तोवर मी काही हा फोन सोडत नाही."

इंग्लंडातल्या सेव्हर्न नदीकाठची ती अख्खी गल्ली पूररेषेत. विमा नाही तर बँकेचं कर्ज नाही, आणि कर्ज नाही तर घर नाही. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडत भाड्याच्या खोलीत राहिलेल्या मेव्हिसला मात्र हेच घर हवं होतं. बँकेची मुदत शुक्रवारपर्यंत.

ते घर विकणारा सिरिल ट्रँटर शहाऐंशी वर्षांचा. प्रत्येक पुराची रेघ त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर सालासकट ओढलेली. सगळ्यात वरची छातीइतकी उंच. या गावात ज्याच्या घरात पाणी जास्त, त्याचा मान जास्त. पबमधली शेकोटीजवळची खुर्ची चाळीस वर्षं ट्रँटरचीच होती.

तपासनीस यायच्या आधी मेव्हिसने रेघांपुढे कपाट ओढलं आणि म्हाताऱ्याला बजावलं, "चहा प्या आणि तोंड बंद ठेवा. कळलं?"

विम्याचा तपासनीस आला. चहाचा घोट घेऊन त्याने सहज विचारलं, "इथे पाणी शिरलं होतं कधी?"

म्हाताऱ्याला कुठलं राहवतंय! "शिरलं होतं? अरे, टेबलावर उभं राहून अंडी तळलीत मी!" कुठून बळ आलं देव जाणे, त्याने एकट्याने कपाट बाजूला सारलं. मेव्हिसने कपाळावर हात मारून घेतला.

तपासनीस दुर्बीण लावून नदी, भिंत, समोरचं चर्च मोजून आला. "आजोबा, पाणी या रेघेपर्यंत आलं असतं, तर ते चर्च छपरापर्यंत बुडालं असतं. घर चांगलं उंचावर आहे. खरं सांगा, आत पाणी आलं होतं कधी?"

"एकदा," म्हातारा पुटपुटला. "बादली लवंडली होती."

"मग मिटलं! 'या घरात पूर आलेला नाही' एवढ्यावर सही करा. उद्या विमा."

"मेलो तरी करणार नाही! पबमध्ये तोंड कसं दाखवू?"

मेव्हिस त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "सही होईपर्यंत मी इथून हलत नाही." तपासनीस चहाच्या तिसऱ्या किटलीपर्यंत आला. शेवटी ती हळूच म्हणाली, "कागद कंपनीत जाईल, गोष्ट माझ्या पोटात राहील. शप्पथ!"

"आणि कुणी विचारलंच तर?"

"तर तुमचीच बाजू घेईन."

म्हाताऱ्याने डोळे मिटून सही ठोकली. शुक्रवारी कर्ज मंजूर झालं. मेव्हिस राहायला आली त्याच दिवशी शेजारीण ब्रेंडा केक घेऊन हजर, आणि तिची नजर थेट भिंतीवर.

"आमच्याकडे गुडघाभर होतं बाई. इथे खरंच छातीपर्यंत आलेलं?"

मेव्हिसने जन्मात कधी वयसुद्धा चोरलं नव्हतं.

"छातीपर्यंत?" ती म्हणाली. "अगं, ट्रँटर पडले भिडस्त. कमीच सांगतात ते."