बॅटरी निवड समितीचं कामकाज

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारे श्री. शशिकांत देवपुजारी यांनी मार्च २००९च्या पहिल्या सोमवारी सिगारेट सोडण्याचा निर्णय घेतला. निर्णयाला सबळ कारण होतं. त्यांच्या पत्नी नंदा यांना तिसरा महिना होता आणि दवाखान्यातल्या मिडवाइफने फॉर्म भरताना विचारलं होतं, "घरात कुणी स्मोक करतं का?" शशिकांत खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाला, "बाळ यायच्या आत सुटलेली असेल." मिडवाइफने तेही फॉर्मवर लिहून घेतलं. या देशात फॉर्मवर आलेली गोष्ट घडून गेली असंच समजतात.

उपायही त्याने त्याच दिवशी शोधला. इलेक्ट्रॉनिक सिगारेट तेव्हा इथे नवीनच आली होती. वेबसाइटवर नाव भरलं, पत्ता भरला, आणि शेवटच्या पानावर घोडं अडलं. पानावर विचारलं होतं, "बॅटरी निवडा." लहान, मध्यम, लांब, ओढल्यावर आपोआप चालणारी, नाहीतर बटण दाबून चालणारी, टोकाला लाल दिवा, नाहीतर निळा. दुसऱ्या कुणीही पहिल्या नावावर क्लिक करून चहा ठेवला असता. शशिकांत नागपूरचा इंजिनिअर. त्याने एक्सेल उघडलं.

रात्रीपर्यंत तेवीस बॅटऱ्या आणि अकरा रकाने झाले. आपल्या माणसांत घरातला टोस्टरसुद्धा चार जणांना विचारल्याशिवाय येत नाही, तेव्हा शीट रिवाजाप्रमाणे मराठी मंडळाच्या ई-ग्रुपवर गेलं. एक्केचाळीस उत्तरं आली. त्यांतल्या सत्तावीसांत एकच प्रश्न होता: "इंडियाला परत गेल्यावर चालेल का?" परत कुणीच जाणार नव्हतं, पण रकाना वाढवावा लागला. लीड्सच्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेले मुरलीधरकाका यांनी उभ्या जन्मात सिगारेटला हात लावला नव्हता. त्यांनी कळवलं, "घाई नको. नवीन मॉडेल येतंय, असं ऐकतो." कुठून ऐकलं, ते त्यांनी कळवलं नाही.

मतं इतकी झाली की समिती नेमणं भाग पडलं. सदस्य: शशिकांत, आमच्याच ऑफिसातला मिलिंद, आणि लीड्सहून फोनवर मुरलीधरकाका. कार्यवृत्त लिहायला मी. शशिकांत हमखास सापडायचा तो ऑफिसच्या मागच्या स्मोकिंग शेल्टरमध्ये, म्हणून बैठका तिथेच भरू लागल्या. सकाळी एक, जेवणानंतर एक, आणि चारला आढावा बैठक.

एप्रिलमध्ये एका बैठकीला अक्षया आली. ती ऑफिसची हेल्थ अँड सेफ्टी बघते. जन्म वॉटफर्डचा, आईवडील डोंबिवलीचे, मराठी प्रेमाने बोलते.

"शशिकांत, मी ऐकली की तू इलेक्ट्रिक सिगारेट आणतो आहेस," ती म्हणाली. "चार्जर डेस्कला लावणार ना? मग त्याचा सेफ्टी टेस्ट पाहिजे. ग्रीन स्टिकर. किटलला आहे तसा."

"अगं, पण अजून घेतलीच नाहीये."

"मग टेस्ट कसा करणार? आधी आण."

"कुठली आणू? टेस्टमध्ये पास होईल तीच आणायची ना!"

"ऑफ कोर्स. पण ते टेस्ट केल्यावर कळेल."

मिलिंदने गंभीरपणे रकाना वाढवला: "हिरवं स्टिकर – प्रलंबित."

अक्षया प्रामाणिक मुलगी. तिने प्रकरण हेड ऑफिसला पाठवलं आणि जूनमध्ये चार पानी धोरण आलं. वस्तू सिगारेटसारखी दिसते, सबब ती इमारतीत ओढता येणार नाही, शेल्टरमध्येच ओढावी. शेल्टर कायद्याप्रमाणे अर्धं उघडं असतं, सबब तिथे पाऊस येतो. पाऊस येतो तिथे विजेवर चालणारी वस्तू वापरायला कर्मचाऱ्यांना मनाई आहे.

"म्हणजे मी नक्की काय ओढू?" शशिकांतने विचारलं.

अक्षयाने धोरण पुन्हा एकदा वाचलं. "नॉर्मल सिगारेट अलाउड आहे," ती म्हणाली. "तिला बॅटरी नसते."

एवढ्यावर खचून जाणारी समिती आमची नव्हती. पावसात चालणारी बॅटरी असा सत्तरावा नाही तरी सतरावा रकाना झाला आणि काम पुढे सरकलं. मार्चमध्ये शशिकांतच्या दिवसाला आठ सिगारेटी होत होत्या, जुलैत चौदा होऊ लागल्या. त्याला इलाज नव्हता, बैठकाच तितक्या होत्या. मिलिंद पूर्वी ओढत नसे. पण थंड वाऱ्यात रिकाम्या हातांनी तासभर उभं राहणं फार विचित्र दिसतं, म्हणून त्यानेही सुरू केली. कार्यवृत्त लिहिताना माझाही एक हात मोकळाच असायचा. याहून जास्त मी लिहीत नाही.

ऑगस्टमध्ये मी शशिकांतच्या घरी शीटची छापील प्रत द्यायला गेलो. नंदावहिनी सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. टेबलावर एक छोटं पार्सल होतं.

"मीच मागवली," त्या म्हणाल्या. "पानावर पहिली होती ती. शशी, आजपासून ही ओढ. प्लीज."

शशिकांतने खोकं उघडलं, बॅटरीवरचं नाव वाचलं आणि माझ्या हातातली प्रत घेऊन बोट फिरवलं.

"नंदा, ही सातव्या नंबरवर आहे. एकाहत्तर पॉइंट चार टक्के."

"चालते ना पण?"

"चालण्याचा प्रश्नच नाहीये गं. सहा ऑप्शन्स हिच्यापेक्षा बेटर आहेत. आयुष्यभराची गोष्ट आहे, उगाच कॉम्प्रोमाइज कशाला?"

"सिगारेट सोडायची आहे, की बॅटरीशी लग्न करायचंय?"

शशिकांत हसला. मीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. परत करायची मुदत उरली होती, तेव्हा दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो पार्सल पोस्टात टाकून आला आणि वाटेत दोन ओढून आला. त्या दिवशीच्या कार्यवृत्तात मी लिहिलं: "बाह्य हस्तक्षेप नियमानुसार निकाली काढण्यात आला." तेव्हा मला ते वाक्य फार जमलंय असं वाटलं होतं. आता वाचवत नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी अंतिम बैठक होती. मुरलीधरकाका फोनवर आपलं भिन्न मत नोंदवत होते. शशिकांतचा मोबाइल बैठकीच्या शिस्तीप्रमाणे सायलेंटवर होता. बहुमताने ठराव मंजूर झाला, आम्ही हात मिळवले, एकेक पेटवली, आणि मग त्याने खिशातून फोन काढला. नऊ मिस्ड कॉल होते. बाळ दोन आठवडे आधीच आलं होतं.

मी त्याला गाडीने हॉस्पिटलात नेलं. वहिनी दमलेल्या होत्या, बाळ कुशीत झोपलं होतं. शशिकांतने दोन्ही हात पुढे केले. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, एक श्वास घेतला आणि बाळाला जवळ ओढलं.

"हात धुऊन ये. शर्टही बदल."

हात त्याने धुतले, कोपरापर्यंत, दोनदा. दुसरा शर्ट आणला नव्हता. मी माझा देऊ केला, पण त्यालाही तोच वास होता. शेवटी तो पलंगापासून चार पावलांवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला आणि लांबूनच बघत राहिला. नर्स फॉर्म घेऊन आली. "घरात कुणी स्मोक करतं का?" या वेळी तो उठला नाही. "डिसिजन झालाय," एवढंच म्हणाला. मला त्याची कीव आली आणि स्वतःची लाज वाटली. एवढा हुशार माणूस सहा महिने खपला, आणि स्वतःचं बाळ हातात घ्यायला त्याच्याजवळ एक शर्ट नव्हता.

घरी येऊन मी मंडळाच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या: "शशिकांत-नंदा यांना आज बाळ झालं. समितीचा बॅटरीविषयीचा निर्णयही आजच झाला." तासाभरात त्रेसष्ट उत्तरं आली. कोणती ठरली? अहवाल पाठवा. इंडियाला चालते का? शीटमध्ये माझाही एक मुद्दा घ्यायचा राहिला.

मी संतापलो. माणुसकी उरली नाही वगैरे चार ओळी ठणकावून लिहिल्या, आणि पाठवण्याआधी थांबलो. एकट्या ग्रुपला कशाला नावं ठेवू? शेवटपर्यंत मी बॅटरीचं नाव सांगितलं नाही, हे तुमच्यासारख्या चोखंदळ वाचकाच्या केव्हाच लक्षात आलं असणार. बाळ मुलगा की मुलगी, हेही मी कुठे सांगितलेलं नाही. ते आलं होतं का लक्षात?