सोपानरावांचा तोल

"अलाइनमेंट हवी कशाला? मनगट सरळ असलं की गाडी सरळ जाते!" टायरवाल्याला असं ठणकावून सोपानराव फियाट घेऊन घरी आले होते, आणि तेव्हापासून हे वाक्य निम्म्या कासारवाडीनं ऐकलं होतं. खड्ड्यात आपटल्यापासून गाडी डावीकडे ओढायची. ओढेना का! सोपानराव पंपाच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते. फिरत्या पात्याचा तोल केसभर ढळला तरी माल परत पाठवायचे. अशा माणसाला टायरवाल्यानं शिकवायचं?

खंडेनवमीला त्यांनी गाडी स्वतः धुतली, रिम आरशासारख्या चकचकीत केल्या, झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला दिघीचे अण्णासाहेब जेवायला यायचे होते. लेकीचे, कस्तुराचे, होणारे सासरे. माणूस सज्जन, पण दारूचा वैरी. नुसता वास आला तरी सोयरीक मोडणारा! किती स्थळं नाकारून कस्तुरानं हे एक स्थळ हसत पसंत केलं होतं.

जेवण झकास झालं. सोनं देऊन-घेऊन झालं. वेलदोडा तोंडात टाकून सोपानराव म्हणाले, "बसनं कशाला जाता? मी सोडतो ना!"

अण्णासाहेब पुढे बसले, सोपानरावांच्या पत्नी इंदुताई नवऱ्याच्या काळजीनं मागे. भोसरीपर्यंत ठीक चाललं. पुढे रस्ता मोकळा दिसला तशी सोपानरावांनी गाडी दामटली, आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. त्याच्यासोबत हात, खांदे, गालसुद्धा!

"हात का कापताहेत तुमचे?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"स्पीड वाढला की कापतात."

"नेहमी?"

"छे, छे! कालपासूनच."

"आणि वेलदोडा कशाला चघळताय?"

"जेवणानंतर लागतो. सवय आहे."

"सवय!" म्हणत अण्णासाहेबांनी खिडकीची काच खाली केली.

सोपानरावांना दरदरून घाम फुटला. तो पुसायला त्यांनी एक हात सोडला, आणि गाडीनं संधी साधली! डावीकडे वळली, रस्ता सोडून खाली उतरली आणि एका पत्र्याच्या शेडला टेकून थांबली. शेड होती हातभट्टीच्या गुत्त्याची!

मालक लगबगीनं बाहेर आला. "या सायेब, या! आज सणाचं लवकर आलात?"

"मी ह्याला ओळखत नाही हो!" सोपानराव किंचाळले.

"गाडी ओळखते वाटतं," अण्णासाहेब म्हणाले आणि खाली उतरून बसची वाट विचारू लागले.

बघे जमले. इंदुताई रडकुंडीला आल्या. "अण्णासाहेब, हे थेंबसुद्धा घेत नाहीत! काल चाकांचे ते शिशाचे तुकडे काढले ना, तेव्हापासून गाडी अशी कापतेय."

"कसले तुकडे?"

"रिमच्या कडेला बसवलेले. चकाकी बिघडते म्हणून यांनी पकडीनं उपटले आणि शेजारच्या भिवाभाऊंना दिले. गळाला बांधायला, मासे धरायला."

सोपानरावांचे कान तापले. तोलाची वजनं! फिरताना चाक थरथरू नये म्हणून मुद्दाम बसवलेली! क्षणभर त्यांना वाटलं, सरळ सांगावं, प्यायलोय म्हणून. त्यात लाज तरी कमी होती. पण कस्तुराचा हसरा चेहरा आठवला.

"मी प्यायलेलो नाही," ते पुटपुटले. "ती चाकांच्या तोलाची वजनं होती. मीच काढली."

"पण तुम्ही कारखान्यात नेमकं करता काय?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"तोल तपासतो."

गर्दीत त्यांच्याच खात्यातला किसन होता. तो सगळ्यांत आधी हसला. कुणाकडे बघावं, सोपानरावांना कळेना.

अण्णासाहेबांनी जवळ येऊन त्यांच्या तोंडाचा वास घेतला. नुसता वेलदोडा.

"सोयरीक कायम," त्यांनी सुस्कारा सोडला. "पण राव, दारू असती तर सोडवता आली असती हो! याला काय करायचं?"